कॉलेजसाठी एआय-वापराचे नियम लिहायचे आहेत. टक्केवारी धरायची का, आणि मराठी मजकुराचं काय करायचं?

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या एका संलग्न पदवी कॉलेजच्या आयक्यूएसीसाठी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षासाठी) हा प्रश्न आहे. चॅटजीपीटी, जेमिनी यांच्या वापराबद्दल नियमांचा मसुदा पुढच्या सेमिस्टरच्या आधी द्यायचा आहे. बी.ए., बी.कॉम. आणि मराठी व अर्थशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग त्याखाली येतील.

सध्या हातात असलेला मसुदा दीड पानाचा आहे आणि त्याचा सगळा भार तीन वाक्यांवर आहे: 'एआयचा वापर निषिद्ध आहे. सॉफ्टवेअरमध्ये १० टक्क्यांहून जास्त एआय आढळल्यास असाइनमेंट परत. ४० टक्क्यांहून जास्त आढळल्यास आयएचे (अंतर्गत मूल्यमापनाचे) गुण शून्य.' हे आकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्य नियमांतून उचललेले दिसतात. ते इथे लागू पडतात का, हीच पहिली शंका.

दुसरी अडचण आपल्या भागाची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीपासून (अकरावीपासून) इंग्रजी, शिवाय कन्नड विषय, अशी निम्मी मुलं आहेत. ती मराठीत लिहितात आणि फोनवर इंग्रजी करून घेतात. 'वापर निषिद्ध' म्हटलं तर ही सगळी मुलं पहिल्याच दिवशी दोषी ठरतात. ती ठरावीत का?

तिसरं असं की मराठी विभागाचे लघुप्रबंध मराठीतच असतात. त्यांच्या वाङ्मयचौर्य-तपासणीत साम्य, म्हणजे आधीच्या मजकुराशी जुळणारा भाग, नेहमी शून्य ते दोन टक्के येतं. इतकं कमी कसं?

आणि शेवटचं: संशय आला तर चौकशी कुणी करायची, कोणत्या क्रमाने? अनुभवकथन नको, थेट मसुद्यात घालता येईल असं सांगावं ही विनंती.

---

कणकुंबी:

मॅडम, टक्क्यांची दोन्ही वाक्यं आधी काढून टाका. मसुद्यातली सगळ्यात धोक्याची जागा तीच आहे.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांतले टक्के साम्याचे आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६०ला एक वर्ष सादर करता येत नाही. ६०च्या वर नोंदणी रद्द. या मोजणीतून संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, रीतसर श्रेय दिलेली अवतरणं, कायद्यांची नावं, ठरलेली समीकरणं आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे वगळायचे असतात. यातल्या प्रत्येक टक्क्यामागे दाखवता येण्यासारखा पुरावा असतो: हे वाक्य अमुक लेखातलं, हे पान, ही ओळ.

एआय शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का वेगळ्या जातीचा आहे. तो एका मॉडेलचा अंदाज असतो. 'हे वाक्य यंत्राने लिहिलेलं वाटतं' एवढंच तो म्हणतो, आणि मूळ दाखवता येत नाही कारण मूळ नसतंच. म्हणजे मुलाला खोडून काढता येत नाही आणि शिक्षकाला सिद्ध करता येत नाही.

हे सॉफ्टवेअर किती भरवशाचं? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच शोधसाधन जुलै २०२३मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याला ओळखता आला होता, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के यंत्राच्या खात्यावर गेला होता. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या टर्निटिनने एप्रिल २०२३मध्ये एआय शोधायची सोय आणली तेव्हा चुकीचा आरोप १ टक्क्याहून कमी वेळा होतो असं सांगितलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच १ टक्क्याचा हिशोब मांडला: वर्षाला ७५,००० पेपर म्हणजे ७५० पेपरांवर खोटा आळ. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी ती सोय बंद केली. पुढे टर्निटिननेही १ ते १९ टक्क्यांच्या मधला आकडा न दाखवता नुसती चांदणी (*) दाखवायला सुरुवात केली, कारण त्या पट्ट्यात चुका जास्त होतात. तुमच्या मसुद्यातली '१० टक्के' ही रेघ नेमकी त्याच पट्ट्यात पडते.

आपल्या मुलांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट स्टॅनफर्डच्या २०२३च्या अभ्यासात आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात शोधसाधनांतून काढले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांवर 'यंत्राने लिहिला' असा चुकीचा शिक्का सरासरी ६१ टक्के वेळा बसला. कारण सरळ आहे. ही साधनं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. शब्दसंग्रह मर्यादित, वाक्यं एका मापाची, पाठ केलेले जोडशब्द, असं इंग्रजी त्यांना यंत्राचं वाटतं. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेलं, स्वतः घाम गाळून इंग्रजी लिहिणारं पोर या जाळ्यात सगळ्यात आधी अडकेल. इंग्रजी माध्यमातला मुलगा चार वाक्यं फिरवून सुटेल.

यूजीसीच्या वाङ्मयचौर्याच्या व्याख्येतही एक फट आहे. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं, अशी ती व्याख्या. चॅटबॉट हा 'दुसरा कुणी' आहे का, यावर वाद घालत बसू नका. 'न सांगता केलेला वापर' असं स्वतंत्र कलम करा. गुन्हा वापरण्यात नाही, लपवण्यात आहे, हे त्यातून स्वच्छ होतं.

आता अधिकाराचं. संलग्न कॉलेजला अभ्यासक्रम, सेमिस्टर परीक्षा किंवा गुणांची विभागणी बदलता येत नाही. ते विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं आणि विद्या परिषदेचं काम. पीएच.डी.चे नियम यूजीसीच्या २०२२च्या विनियमांप्रमाणे विद्यापीठ ठरवतं, त्यात कॉलेजने हात घालू नये. व्हीटीयूखालच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाखालच्या) अभियांत्रिकी कॉलेजांनाही हेच लागू. मात्र अंतर्गत असाइनमेंटचं स्वरूप, घोषणापत्र, सेमिनार कसा घ्यायचा, शिक्षकांनी कुठली साधनं वापरावीत, हे सगळं तुमच्या हातात आहे. मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात ही हद्द लिहा, म्हणजे पुढे कुणी 'अधिकारच नव्हता' म्हणणार नाही. स्वायत्त कॉलेजांची गोष्ट वेगळी, त्यांचं अभ्यास मंडळ त्यांचंच असतं.

सरसकट बंदीही टिकत नाही. गूगलवर शोधलं की वरच एआयचा सारांश येतो. वर्ड व्याकरण सुधारतं. फोनचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो. 'एआय निषिद्ध' या दोन शब्दांत हे सगळं बसतं. सगळेच मोडतात असा नियम सापडेल त्याच्यावर चालतो, आणि सापडतो तो बहुतेक गरीबच. हाँगकाँग विद्यापीठाने फेब्रुवारी २०२३मध्ये तात्पुरती बंदी घातली होती. त्याच वर्षी ती उठवून त्यांनी विद्यार्थ्यांना ही साधनं नियमांसह वापरायला दिली.

नियम कॉलेजला एकच असू नये, तो असाइनमेंटगणिक असावा. सिडनी विद्यापीठाने दोन वाटा केल्या आहेत: देखरेखीखालच्या सुरक्षित परीक्षा आणि एआय खुला असलेली बाकीची कामं. आपल्याकडे तीन पायऱ्या पुरतात, आणि प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावर वरच छापायच्या:

'बंद': वर्गात, हाताने, फोन बाहेर. मराठी निबंध, पत्रलेखन, लेखाशास्त्रातली गणितं.

'मदतीपुरता': विषय समजून घेणं, शुद्धलेखन, भाषांतर चालेल. मुद्दे, मांडणी, निष्कर्ष विद्यार्थ्याचे. वापर सांगायचा.

'खुला': वाटेल तसा वापरा, पण चॅटबॉटचं उत्तर तपासून त्यातल्या चुका दाखवा. इथे गुण चुका शोधण्याला.

कागदावर काहीच छापलं नसेल तर 'मदतीपुरता' धरायचं, हेही लिहून ठेवा. नाहीतर पहिला वाद तिथेच होईल.

भाषांतराबद्दल माझं मत ठाम आहे: चालू द्या. अट एकच, मूळ मराठी मजकूर इंग्रजी प्रतीला जोडायचा. अर्थशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये तुम्ही अर्थशास्त्र तपासता. मुलाने मागणी-पुरवठ्याचा विचार मराठीत केला आणि इंग्रजी यंत्राने केलं, तर विषय त्यालाच आलेला असतो. इंग्रजी किंवा मराठी हाच विषय असेल तिथे अर्थातच नाही.

---

ग्रंथालय_निपाणी:

साम्य शून्य टक्के येण्याचं कारण बहुतेक वेळा फाँट असतं. मराठी लघुप्रबंध अजूनही डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत किंवा शिवाजी फाँटमध्ये, म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीत टाइप होतात. कागदावर अक्षर सुंदर दिसतं, पण फाइलच्या आत मराठी नसतंच. तपासणीच्या सॉफ्टवेअरला तिथे रोमन अक्षरं, टक्क्याची चिन्हं आणि कंसांची खिचडी दिसते. ती जगात कशाशीच जुळत नाही. म्हणून शून्य.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आलं तर युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरं. खिचडी आली तर अहवाल कचऱ्यात टाका आणि फाइल युनिकोडमध्ये बदलून मागा. रूपांतरानंतर एकदा वाचून घ्यावं लागतं, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

युनिकोड असूनही पीडीएफ दगा देते. पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात. 'स्थिती'चं 'िस्थती' होतं, 'धर्म'चं 'धमर्'. डोळ्यांना पान ठीक दिसतं, पण यंत्राला दर तिसरा शब्द अनोळखी वाटतो आणि साम्य उगाच कमी येतं. यावर उपाय म्हणजे तपासणीसाठी पीडीएफ न घेता वर्डची मूळ फाइल घ्यायची. मसुद्यात लिहा: 'मराठी व कन्नड मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलच्या स्वरूपात सादर करावा.' कन्नडचंही असंच आहे, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतल्या फाइली तशाच फसवतात.

हे सगळं नीट केलं तरी मराठीत साम्य कमीच दिसेल, कारण तुलनेसाठी मराठी साठाच थोडा आहे. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या शोधशुद्धी योजनेतून २०१९पासून विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर मिळतं, आधी उर्कुंड होतं, मग ड्रिलबिट आलं. पण मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, जुनी मासिकं नेटवर नसतील तर ती जुळणार कशी? इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करून दिलं तर तेही सापडत नाही. आणि एआय-शोधाबद्दल सांगायचं तर टर्निटिनची ती सोय इंग्रजीवर उभी आहे, नंतर स्पॅनिश, जपानी जोडल्या गेल्या. मराठी त्यात नाही. मराठी मजकुरावर कुठल्यातरी फुकटच्या संकेतस्थळाने '८७ टक्के एआय' दाखवलं तर त्या आकड्याला कसलाही आधार नाही.

मराठीत खरा उपयोग होतो तो संदर्भ तपासण्याचा. चॅटबॉट मराठी पुस्तकांबाबत बेधडक खोटं सांगतो. लेखक खरा, पुस्तक त्याने न लिहिलेलं. किंवा पुस्तक खरं, प्रकाशक आणि साल भलतंच. इंग्रजी लेखाला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक असतो, तो क्रॉसरेफ या संकेतस्थळावर टाकला की खरंखोटं कळतं. मराठी पुस्तकांना ते नसतं. म्हणून पद्धत अशी ठेवा: संदर्भसूचीतले पाच संदर्भ चिठ्ठ्या काढून निवडायचे. विद्यार्थ्याने प्रत्येकाचं मुखपृष्ठामागचं प्रकाशनाचं पान आणि उद्धृत केलेलं पान, दोन्हींचे फोटो आणायचे. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर दाखल क्रमांकही. प्रबंध असेल तर शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर तो सापडला पाहिजे. पाचपैकी एकही पुस्तक अस्तित्वात नसेल तर सूची पूर्ण तपासायची. 'पुस्तकच नाही' हा पुरावा टक्क्यांपेक्षा कितीतरी पक्का, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

भाषेवरून संशय येतो हेही खरं. 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की' दर परिच्छेदात, 'महत्त्वपूर्ण भूमिका निभावते' असली हिंदीची सावली, प्रत्येक मुद्द्याला तीनच उपमुद्दे. पण हा पुरावा नव्हे. गाइडं वाचून लिहिणारा मुलगाही असंच लिहितो. यावरून फक्त प्रश्न विचारावेत.

---

वडगाव_बोली:

ग्रंथपाल सरांच्या मुद्द्याला जोडून बोलीच्या कामाबद्दल एक कलम सुचवते. मराठी विभागात मुलाखती ध्वनिमुद्रित करून लिहून काढायची कामं असतात, आणि हल्ली मुलं ती यंत्राकडून लिहून घेतात. यंत्र बोली पुसतं. बाई म्हणाल्या 'काय करूलायस?' आणि कागदावर येतं 'काय करतोयस?' मध्येच आलेला कन्नड शब्द गाळला जातो किंवा जवळचा हिंदी शब्द बसतो. वाचायला स्वच्छ वाटतं, पण ज्याचा अभ्यास करायचा तेच गेलेलं असतं, आणि प्रबंधात 'बेळगावच्या बोलीवर प्रमाण मराठीचा प्रभाव' असा निष्कर्ष निघतो! तो प्रभाव यंत्राचा असतो.

म्हणून कलम असं: लिप्यंतर यंत्राने केलं असल्यास मूळ ध्वनिफीत जपायची, मार्गदर्शकाने प्रत्येक मुलाखतीतली कुठलीही पाच मिनिटं ऐकून कागदाशी ताडायची, आणि बदललेले शब्द तक्त्यात नोंदवायचे. पाच मिनिटांत दहापेक्षा जास्त शब्द बदललेले दिसले तर सगळी मुलाखत हाताने पुन्हा लिहायची. बोलीच्या अभ्यासात ही मर्यादाही सैलच आहे, पण सुरुवात तिथून करा. मुलाखत देणाऱ्यांच्या संमतीपत्रात 'ध्वनिफीत बाहेरच्या सेवेवर चढवली जाईल' हे वाक्य नसेल तर चढवायचीच नाही.

---

मलप्रभाकाठ:

फाँटची गोष्ट ताडून पाहिली, सर. खिचडीच निघाली. आता असाइनमेंटचं स्वरूप कसं बदलायचं ते कुणी सांगेल का? 'हाताने लिहून आणा' हा पर्याय बैठकीत सगळ्यांना आवडलेला दिसतो.

---

अथणी_अर्थशास्त्र:

हाताने लिहून आणण्याने काहीच होत नाही. फोनवरचं उत्तर समोर ठेवून वहीत उतरवतात. कष्ट वाढतात, शिकणं वाढत नाही, आणि शिक्षकाला साम्य तपासायची सोयही राहत नाही. हाताने लिहायचं असेल तर वर्गातच, समोर.

घरी करायच्या असाइनमेंटला तोंडी जोडा. गणित करून बघा: ६० मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे ३०० मिनिटं. दोन शिक्षकांनी वाटून घेतलं तर प्रत्येकी १५०, म्हणजे ५० मिनिटांचे तीन तास. सेमिस्टरला एकदा एवढं जमतं. दोन असाइनमेंट असतील तर दुसरीला चिठ्ठी काढून दहा मुलं बोलवा, पण चिठ्ठी सगळ्यांसमोर काढा, संशयित निवडून बोलावू नका. तोंडी मुलाच्या सोयीच्या भाषेत घ्या, मराठी असो, कन्नड असो. इंग्रजीत घेतलीत तर विषयाऐवजी धिटाई मोजली जाईल.

विचारायचं काय? 'पान दोनवरचा हा शब्द तुझ्या शब्दांत सांग.' 'हा आकडा कुठून घेतला, काढून दाखव.' 'अजून एक पान मिळालं असतं तर काय घातलं असतंस?' ज्याने चॅटबॉटची मदत घेऊन समजून घेतलंय तो उत्तरं देतो, आणि ते चालायला हवं.

विषय गावाला बांधा. 'भारतातील वस्त्रोद्योगाच्या समस्या' असा विषय दिला की दहा सेकंदांत उत्तर येतं. त्याऐवजी वडगाव-खासबागमधली पाच यंत्रमाग घरं, प्रत्येकी १२ प्रश्नांची प्रश्नावली: माग किती, सूत कुठून, वीजबिल किती, साडीमागे मजुरी किती. निपाणीला तंबाखू आणि विडी, अथणी-चिकोडीला ऊसतोड आणि वाहतूक, खानापूरला काजू किंवा दूध संकलन. मोडक्यातोडक्या शब्दांत लिहिलेलं चालेल, पण भरलेल्या प्रश्नावल्या मूळच्या हव्यात.

इथेही एक पळवाट आहे, ती सांगतो. मुलं चॅटबॉटला '५० कुटुंबांची माहिती तयार कर' सांगतात आणि सुरेख तक्ता मिळतो. तो ओळखायला वयाचा रकाना बघा. आपल्याकडे खेड्यात वय विचारलं की माणसं ४०, ४५, ५०, ६० अशी सांगतात. खऱ्या सर्वेक्षणात शून्याने आणि पाचाने संपणारी वयं खूप असतात, जनगणनेतही हे दिसतं. बनवलेल्या तक्त्यात ३७, ४२, ५३ अशी वयं सारखी पसरलेली असतात. दुसरं, खऱ्या तक्त्यात रिकाम्या जागा असतात, 'सांगितलं नाही', 'माहीत नाही' असतं, एखादं उत्पन्न न पटणारं असतं. बनावटात प्रत्येक चौकोन भरलेला. तिसरं, मजुरीचा आकडा घरातल्या मागांच्या संख्येशी ताडून बघा, बनावटात तो बहुधा जुळत नाही. यातलं काहीही एकटं पुरेसं नाही. पण तिन्ही दिसलं तर मूळ प्रश्नावल्या मागवायच्या, आणि त्या नसतील तर खोटी माहिती हे स्वतंत्र, जास्त गंभीर कलम लावायचं. त्याला एआयचं कलम लागत नाही.

काही कॉलेजं गूगल डॉक्सचा आवृत्ती-इतिहास मागतात. मजकूर कसा वाढत गेला ते त्यात दिसतं आणि चांगला आधार मिळतो. पण जपून. आपली बरीच मुलं फोनवर बोलून टाइप करतात, तेव्हा परिच्छेद एकदम उमटतो. दुसऱ्या ॲपमध्ये लिहून चिकटवणारीही असतात. एकदम आलेला परिच्छेद म्हणजे चोरी असं धरू नका. हा इतिहास मुलाच्या बाजूचा पुरावा म्हणून घ्या, विरुद्धचा म्हणून नको.

---

टिळकवाडी_विधी:

चौकशीबद्दल लिहितो. नवी समिती काढू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दोन पातळ्या आधीच आहेत, त्यांनाच हे काम द्या.

विभागाची समिती तिघांची: विभागप्रमुख अध्यक्ष, विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ प्राध्यापक, आणि तपासणीची साधनं जाणणारा एक. मुदत दोन वर्षं, कोरम अध्यक्षांसह दोन. तक्रार आल्यापासून ४५ दिवसांत अहवाल संस्थेच्या समितीकडे. संस्थेची समिती चौघांची, त्यातला एक संस्थेबाहेरचा, मुदत तीन वर्षं, कोरम अध्यक्षांसह तीन, आणि तिलाही ४५ दिवस. ग्रंथपालांना विभागाच्या समितीत तिसऱ्या जागेवर घ्या. फाँटचा घोटाळा पकडणारा माणूस समितीत हवाच.

त्याच नियमांत दंडाबद्दल जे म्हटलंय ते मसुद्यात जसंच्या तसं आणा: गैरवर्तन निःसंशय सिद्ध झाल्यावर, अपिलाचे मार्ग संपल्यावर, आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिल्यावरच दंड. सॉफ्टवेअरच्या अंदाजाने 'निःसंशय' सिद्ध होत नाही. हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला उत्तर एआयचं आहे म्हणून नापास केलं तेव्हा प्रकरण २०२४मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेलं. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यावर याचिका निकाली निघाली. कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ आपल्याला दोन तासांवर आहे, हे बैठकीत सांगा.

क्रम असा ठेवा. शिक्षकाला शंका आली की आधी विद्यार्थ्याशी बोलणं, दोन कामाच्या दिवसांत. समाधान झालं तर तिथेच संपलं, कुठेही नोंद नाही. झालं नाही तर लेखी नोटीस: कुठला मजकूर, शंका कशावरून, आणि उत्तराला सात दिवस. नोटीस त्याला कळणाऱ्या भाषेत. मग विभागाची समिती. पहिल्या वेळी दंड म्हणजे तीच असाइनमेंट देखरेखीखाली पुन्हा. आणि नियम मागच्या सेमिस्टरला लावायचे नाहीत, लागू होण्याची तारीख छापा.

शिक्षकांसाठीही कलमं हवीत. २०१८चे नियम शिक्षकांनाही लागू आहेत, साम्याच्या दुसऱ्या पातळीला (४० ते ६० टक्के) एक वेतनवाढ थांबते आणि दोन वर्षं नव्या विद्यार्थ्यांचं मार्गदर्शक होता येत नाही. त्यात ही तीन घाला: न झालेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकायची नाही. विद्यार्थ्याचं नाव, नोंदणी क्रमांक, वैद्यकीय किंवा जातीची माहिती असलेला कागद चढवायचा नाही, २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तिथे आडवा येतो. आणि गुण फक्त यंत्राच्या सांगण्यावरून द्यायचे नाहीत. परीक्षक म्हणून आलेला अप्रकाशित प्रबंध सारांशासाठी चढवणं हेही यातच मोडतं. तो मजकूर तुमचा नसतो.

---

मलप्रभाकाठ:

मंडळी, फार मोठी मदत झाली. घोषणापत्र असं केलंय: 'मी या असाइनमेंटसाठी एआयचा वापर केलेला नाही / केला आहे. केला असल्यास साधनाचे नाव व कारण: ____. सर्व मजकुराची जबाबदारी माझी आहे.' चालेल?

---

कणकुंबी:

'केलेला नाही'चा पर्याय पहिला छापू नका, मॅडम. मुलं न वाचता पहिल्यावर खूण करतात आणि मग तीच खूण खोटी घोषणा म्हणून त्यांच्याविरुद्ध जाते. थेट कामांची यादी द्या, प्रत्येकापुढे चौकोन: विषय समजून घेणे, मुद्दे सुचवणे, भाषांतर, शुद्धलेखन, मजकूर लिहून घेणे, आकडेमोड, यापैकी काही नाही. खाली एक ओळ: 'यंत्राने दिलेली कोणती गोष्ट मी तपासली आणि काय बदलले.' तीन ओळींची जागा सोडा, त्याहून कमी नको. ती ओळ रिकामी आली तर असाइनमेंट न तपासता परत, दंड काही नाही.

---

ग्रंथालय_निपाणी:

आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही एकाच कागदावर छापा, पाठपोट बसतं. वेगवेगळे कागद केले की पहिल्या महिन्यात एका भाषेतले संपतात आणि उरलेल्या भाषेत मुलांना सही करायला लावलं जातं. चौकोनांना तिन्ही भाषांत तेच क्रमांक द्या, म्हणजे समितीला कुठलीही प्रत वाचता येईल.